घोट्यावरची खाज आणि हक्कसोडपत्र: एका केसची पूर्ण नोंद

केस कागदावर अगदी साधी आहे. बाई ४७ वर्षांच्या, सासर औसा तालुक्यात, माहेर निलंग्याकडं, घरी सोयाबीन-तूर, दोन म्हशी, मुलगा पुण्याला कंपनीत, मुलीचं लग्न झालेलं. तक्रार एकच, डाव्या घोट्यावर खाज, सात-आठ वर्षांपासून, रात्री जास्त. मी लातूरला एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून बसते, आणि माझ्याकडं पाठवलेले पेशंट बहुतेक फुगूनच येतात, म्हणजे खाजेचं औषध घ्यायला आलो तर डॉक्टरांनी डोक्याच्या मॅडमकडं कामून धाडलं, आम्हाला काय येडं समजलं का. ह्या बाई फुगल्या नव्हत्या. "माझं समदं बरं हाय वो मॅडम, तेवढी खाज जाऊ द्या" म्हणत हसत खुर्चीत बसल्या.

भावंडांत थोरल्या, पाठचे दोन भाऊ, त्यामुळं माहेरी सगळे अक्का म्हणतात, इथं मीही अक्काच म्हणते. त्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आधी कातडीचं. "हे मनाचं आहे" असं म्हणायच्या आधी कातडी नीट तपासलेली पाहिजे, आपल्याकडं एकतर तपासतच नाहीत नाहीतर तपासून झालं की मनाचं नाव काढत नाहीत. अक्कांच्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला साधारण ७ सेंटिमीटर लांब, ४ रुंद असा चट्टा होता, काळपट-जांभळा, मधे पांढुरका कोंडा, आणि जाड. जुवानं बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो ना, तसा हाताला लागायचा. कातडीवरच्या बारीक रेषा खोल होऊन जाळी दिसत होती. कडेला नखांचे ताजे ओरखडे.

एवढ्या वर्षांत काय काय केलं तर सगळंच. लिंबाचा पाला वाटून, हळद, खोबरेल, कुणीतरी गजकर्ण आहे सांगितलं म्हणून मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब. ही ट्यूब म्हणजे स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकात घोटलेलं, लावलं की चार दिवस थंड, बंद केलं की दुप्पट. २०१८ साली केंद्र सरकारनं कातडीला लावायची बरीचशी स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, पण गावाकडच्या काउंटरवर "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की मिळतेच. आणि रात्री फारच झालं तर अक्का चुलीवरचं कडक पाणी घोट्यावर ओतायच्या. त्यानं पाच-दहा मिनिटं खरंच बरं वाटतं, मग कातडी अजून कोरडी पडते आणि खाज परत येते ती जोरातच.

डॉक्टरांनी पहिल्यांदा सगळ्या ट्यूबा बंद करायला लावल्या, थोडे दिवस जाऊ दिले आणि मग चट्टा खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितलं, कारण स्टेरॉइड चालू असताना बुरशीचं रूप बदलतं आणि निदान फसतं. बुरशी नव्हती. शुगर, थायरॉइड, किडनी, लिव्हर सगळं ठीक. सोरायसिससाठी, म्हणजे कोंडा धरणाऱ्या चट्ट्यांच्या आजारासाठी, डोकं, कोपरं, गुडघे, नखं बघितली, काही नाही. चपलेचा पट्टा तिथं लागत नव्हता, पैंजण तर त्या घालतच नाहीत. आपल्या भागात काँग्रेस गवताची शंका घ्यावीच लागते, शेतकरी माणसाला त्याची ॲलर्जी असू शकते, पण ती चेहरा, मान, पापण्या, हात अशा उघड्या जागी उठते, एकट्या घोट्यावर मुक्काम करत नाही. निदान झालं लायकेन सिम्प्लेक्स क्रॉनिकस, जुनं नाव न्यूरोडर्माटायटिस. चिवट आजार आहे हा. तो सारखं खाजवण्यानंच तयार होतो, आणि मान, घोटा, पोटरी, कोपर अशा हात सहज पोचणाऱ्या जागी होतो.

ह्याचं चक्र समजून घ्यायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. खाजेचा निरोप नेणाऱ्या नसा बारीक आणि संथ असतात. नखानं ओरबाडलं की वेदनेचा निरोप जातो आणि मणक्यातच तो खाजेला दाबतो, शिवाय मेंदूला बरंही वाटतं, म्हणून हात थांबत नाही. पण ओरबाडण्यानं कातडीला इजा होते, सूज आणणारी रसायनं सुटतात, कातडी जाड होते, नसा जास्त हळव्या होतात, आणि आधी ज्याला खाज सुटली नसती त्यालाही सुटायला लागते. ताण ह्या चक्रात मधेच घुसतो. ताणात कातडीतल्या नसांच्या टोकांतून सबस्टन्स पी सारखी द्रव्यं सुटतात, त्यांच्या शेजारी मास्ट पेशी, म्हणजे शरीराच्या राखणदार पेशी, बसलेल्या असतात, त्या हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन सोडतात. रात्री सूज दाबणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक उतरलेलं, अंथरुणाच्या उबेनं कातडी गरम, आणि मन गुंतवायला काही नाही, त्यामुळं रात्रीची खाज ही काही कल्पना नसते.

मग अक्का माझ्याकडं का आल्या? डॉक्टरांनी विचारलं कधी वाढते, तर उत्तर "कायमच". मी त्यांना वही दिली नाही, सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला रोज लिहायला लावलं की दोन दिवसांत वही मुलाच्या दप्तरासारखी कोपऱ्यात जाते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा म्हटलं. पुढच्या वेळी त्या कॅलेंडरच गुंडाळी करून पिशवीत घालून घेऊन आल्या. खुणा पेनाच्या नव्हत्या, टिकल्या चिकटवल्या होत्या. झोप मोडेल एवढी खाज आली तर बारीक काळी टिकली, रक्त निघालं तर मोठी लाल. श्रावणातलं पान बघितलं तर नागपंचमीच्या आसपास तीन काळ्या, राखीपौर्णिमेच्या आदल्या रात्री लाल, दुसऱ्या रात्री लाल. पुढं भाऊबीजेला पुन्हा तेच. मधल्या दिवसांत तुरळक.

लगेच निष्कर्ष काढू नये. भाऊबीजेच्या आधी सोयाबीनची काढणी असते, धूळ-भुसकट, घाम, पाय उघडे. पुढं थंडीत कातडी तशीही कोरडी पडते. पण काढणीच्या ऐन दिवसांत टिकल्या कमी होत्या आणि काढणी संपून माहेरी जायचं ठरलं तशा वाढल्या, हे काही धुळीत बसत नव्हतं.

मी नेहमीच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या. उदासीनता मोजायचे नऊ प्रश्न असतात त्यात अक्कांना मिळाले २७ पैकी ३, म्हणजे काहीच नाही. कातडीच्या आजारानं जगण्यावर किती परिणाम होतो ते मोजणारे दहा प्रश्न असतात, त्यात मात्र ३० पैकी १४, म्हणजे खूपच. (त्यात एक प्रश्न आहे की खेळ खेळताना अडचण येते का, त्यावर अक्का पदर तोंडाला लावून हसल्या, विलायतेत तयार झालेली प्रश्नावली आहे, काय करणार.) मन म्हणतंय सगळं ठीक, कातडी म्हणतेय नाही.

लातूर-धाराशिवकडच्या चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाबद्दल विचारावंच लागतं. अक्का तेव्हा सोळा वर्षांच्या. भिंत पडली, आजी दगडाखालून निघाली, वाचली, पुढं कित्येक महिने पत्र्याच्या शेडात, आई रात्री उठून कंदिलाच्या उजेडात पोरांची डोकी मोजायची. हे सगळं त्यांनी धडाधडा सांगितलं, मधे रडल्या, डोळे पुसले, पुढं बोलल्या. त्या सांगत होत्या तेव्हा हात मांडीवर शांत होता. मी अर्धी समजले होते की गाठ इथंच असणार, पण नाही. ज्याच्यावर सगळा गाव मिळून रडला ते आत साचत नाही असं मला आता वाटतं, निदान सगळ्यांच्या बाबतीत नाही. मग मी सहज विचारलं की यंदा येळवशीला (वेळ अमावस्येला) कुठं होतात, आणि हात खाली घोट्याकडं गेला. त्यांना पत्ताच नाही. "माहेरी की. भाऊ बोलवतेत ना दरसाल. लई करतेत माझं." बोलताना नखं चालू.

आता उपचाराचं सांगते, कारण गोष्ट तिथंच उघडली. डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलं, ठराविक आठवड्यांसाठी, वर पट्टी बांधून. गंमत म्हणजे ते औषध आधीच्या ट्यूबमधल्या स्टेरॉइडचंच भाऊबंद होतं. फरक एवढाच की आता निदान होतं, मुदत होती, आणि पट्टीमुळं औषध जाड कातडीत मुरत होतं आणि नख तिथं पोचत नव्हतं. रात्री झोप आणणारी खाजेची गोळी, आंघोळीनंतर ओल्या कातडीवर व्हॅसलीन, कडक पाणी बंद, नखं बारीक. माझ्याकडं सवय मोडायचं काम. ॲझ्रिन आणि नन ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली नको त्या सवयी सोडवायची एक पद्धत मांडली होती, ती पुढं खाजवण्यासाठीही वापरली गेली. आधी हात कधी जातो ते ओळखायचं, आणि गेला की त्याला दुसरं काम द्यायचं. दोन्ही मुठी घट्ट आवळायच्या, मनात तीस आकडे म्हणायचे, तरीही खाज राहिली तर ती जागा फक्त दाबून धरायची, ओरबाडायची नाही.

आम्ही समोरासमोर बसून सराव केला. अक्कांनी मुठी आवळल्या, आकडे म्हणायला लागल्या, अकरा-बाराला आवाज बदलला, वीसच्या पुढं गेल्याच नाहीत. मुठी मात्र सोडल्या नाहीत, अंगठ्याची नखं पांढरी पडली होती. म्हणाल्या, "मॅडम, मूठ आवळली की आंगठा आठवायलाय."

कुठला अंगठा? तर रजिस्ट्री ऑफिसातला. वडील गेले, वर्षश्राद्ध झालं, त्यानंतर धाकट्या भावानं जेवायला बोलवलं, जेवण झाल्यावर जीपमध्ये बसवलं, "अक्का, एक सही लागतीय, सोसायटीचं कर्ज काढायचंय." तिथं दुय्यम निबंधकासमोर सही, अंगठा, आणि कॅमेऱ्यासमोर फोटो. "तो कॅमेऱ्याचा पोरगा म्हनला, मावशी वर बगा. म्या बगितलं वर. भाऊ बाजूला हुबा, त्याच्याकडं बगितलं तर तो फोनवर बोलायला." घरी येऊन साडी-चोळी, हळदी-कुंकू. काय होतं ते पुढं कळलं, मुलानं कशासाठी तरी मोबाइलवर आजोळचा सातबारा उघडला तेव्हा. नऊ एकरांवर दोघा भावांची नावं, अक्कांचं नाव फेरफार होऊन गेलेलं. कागद हक्कसोडपत्राचा होता.

कायदा काय म्हणतो हे अक्कांना माहीत नव्हतं असं नाही. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा हे महाराष्ट्रानं १९९४ मध्ये काही मुलींपुरतं आणलं, २००५ मध्ये देशभर झालं, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्मानंच मिळतो, २००५ ला वडील जिवंत होते की नव्हते ह्याचा संबंध नाही. पण आपल्याकडं कायदा एकीकडं आणि माहेर एकीकडं. वाटा मागितला की माहेर तुटलं, हे प्रत्येक बाईला कुणी न सांगता माहीत असतं, आणि हक्कसोड करून देणारी बहीण ही चांगली बहीण. अक्कांनी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला जाऊ दे, भावाशी वाकडं कशाला. आई तर म्हणाली तुला काय कमी आहे. झालं, विषय संपला. त्याच हिवाळ्यात घोटा खाजायला लागला.

येळवशीचं त्यांनी मला त्या दिवशी नीट सांगितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं गावंच्या गावं शेतात जातात, कडब्याची कोप करतात, पाच पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे, खीर, येईल त्याला जेवायला घालतात. अक्कांचे वडील त्या शेतात ज्या आंब्याखाली कोप घालायचे तिथंच आता भाऊ घालतात. "बांधावर बसून आंबील प्याले. धाकटा म्हनला, अक्का अजून भज्जी घे. म्या घेतली. लई चांगली झाली म्हनलं." त्या रात्री भावाच्याच घरी, मोरीत, कडक पाणी ओतून घोटा रक्त निघेपर्यंत ओरबाडला आणि सकाळी वहिनीला सांगितलं काटा लागला.

राग आला होता का, असं मी विचारलं नाही. असं विचारलं की आमच्याकडच्या बायका "नाही बाई, राग कशाचा" म्हणतात आणि दार लावून घेतात. मी विचारलं, त्या वेळी अंगात कुठं काय होत होतं. छातीत जड, जबडा आवळलेला, पायात आग. तिथून पुढं अक्का हळूहळू स्वतःच बोलत्या झाल्या.

आता इथं एक धोका आहे आणि तो फार मोठा आहे. "दाबलेल्या भावना कातडीतून बाहेर पडतात" हे वाक्य ऐकायला इतकं गोड आहे की माणसं मलम फेकून देतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर ह्यांनी सात आजार मनातल्या दडपलेल्या संघर्षाशी जोडले होते, दमा, पोटातला अल्सर, ब्लडप्रेशर वगैरे, आणि त्यात न्यूरोडर्माटायटिस पण होता. अल्सरचं पुढं काय झालं? बहुतेक अल्सरमागं हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू किंवा दुखण्याच्या गोळ्या असतात हे कळलं आणि तो जंतू शोधणाऱ्या मार्शल-वॉरन जोडीला २००५ चं नोबेल मिळालं. किती पेशंटना तोपर्यंत "मनातलं काढून टाका" सांगितलं असेल देव जाणे. कातडीच्या बाबतीत पुरावा थोडा बरा आहे पण तो "भावना हे कारण" असा नाही, "ताण कमी केला तर उपचार जास्त लागू पडतो" असा आहे. ध्यानावर काम करणारे अमेरिकन संशोधक जॉन काबाट-झिन ह्यांनी १९९८ मध्ये सोरायसिसच्या ३७ पेशंटवर केलेला प्रयोग सगळ्यांना माहीत असतो, प्रकाशाचे उपचार घेताना ज्यांनी ध्यानाच्या टेप ऐकल्या त्यांचे चट्टे लवकर गेले. पण प्रकाशाचे उपचार चालूच होते हे सांगायला लोक विसरतात.

अक्कांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. मोकळं बोलून आठवडाभर चांगली झोप लागली, त्यात भाचीनं मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाठवला की माफ करा, राग सोडा, त्वचारोग मुळापासून जाईल. अक्कांनी पट्टी सोडली, मलम बंद, रोज देवापुढं बसून भावांना माफ करायला लागल्या. थोड्याच दिवसांत चट्टा फुलला, एका बाजूनं चिघळला, पू झाला, अँटिबायोटिक द्यावं लागलं. आणि वर अपराधीपणा, "माफ केलं तरी जायना, म्हंजे माझंच मन वंगाळ." मला त्या व्हिडिओवाल्याचा मनापासून राग आला, आजाराचं खापर आजारी बाईच्याच स्वभावावर फोडायचं, ह्यापेक्षा ती मेडिकलवाली ट्यूब परवडली.

पुन्हा पट्टी, पुन्हा मूठ. ह्या वेळी माफीबिफी बाजूला ठेवली. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर ह्यांनी १९८६ पासून मनातलं कठीण ते सलग तीन-चार दिवस पंधरा-वीस मिनिटं लिहून काढायचे प्रयोग केलेत, लिहिल्या लिहिल्या माणसाला उलट वाईट वाटतं, फायदा असेल तर तो नंतर दिसतो. अक्का लिहिणार नाहीत, म्हणून मोबाइलच्या रेकॉर्डरवर बोलायचं ठरलं. पहाटे गोठ्यात, धारा काढायच्या आधी, म्हशींशिवाय ऐकणारं कुणी नाही. बोलायचं आणि डिलीट करायचं. एक रेकॉर्डिंग त्यांनी मला ऐकवलं, त्यात निम्मा वेळ शिव्या आहेत, अगदी ठेवणीतल्या, आणि मधेच लहानपणी धाकट्याला कडेवर घेऊन पंचमीचा झोका खेळल्याचं. दोन्ही एकाच दमात.

वकिलाकडंही त्या जाऊन आल्या, विधी सेवा समितीतून, बायकांना उत्पन्न न बघता तिथं वकील फुकट मिळतो. नोंदणी झालेला कागद फिरवायचा तर फसवणूक सिद्ध करावी लागते, आणि ती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा टाकावा लागतो, ती मुदत कधीच गेलेली. अक्कांनी हे शांतपणे ऐकलं, मला वाटतं त्यांना अंदाज होता. त्यानंतर राखीच्या आधी त्यांनी धाकट्याला फोन केला आणि सांगितलं की जमीन तुम्हीच कसा, पण मला फसवून अंगठा घेतला हे मला ठाऊक हाय, आन् ते तुला ठाऊक असू दे. तो गप्प झाला. मग म्हणाला बापूंच्या (म्हणजे वडिलांच्या) दवाखान्याचं कर्ज कुणी फेडलं, अक्का. तेही खोटं नव्हतं, पाच-सहा वर्षं त्या पोरानं व्याज भरलंय. मग दोन महिने फोन नाही.

आणि ह्या दोन महिन्यांत खाज वाढली. बोललं की मोकळं होतं आणि मोकळं झालं की बरं वाटतं असं गणित असतं तर उतरायला पाहिजे होती. कॅलेंडरवर काळ्या टिकल्यांची रांग लागली, पण लाल एकच. म्हणजे खाज येत होती, नख मात्र आवरलं जात होतं. डॉक्टरांनी पट्टीचे दिवस थोडे वाढवले, मी काही विशेष केलं नाही, भेटी जवळजवळ ठेवल्या एवढंच. दिवाळीच्या तोंडावर थोरल्या भावाचा फोन आला, धाकट्यानं बोलायला सांगितलं होतं की ह्यानं आपणहून केला ते माहीत नाही, भाऊबीजेला येतो म्हणाला, म्हणजे अक्कांनी जायचं नाही, भावांनी यायचं. दोघं आले. जमिनीवर कुणी बोललं नाही. धाकट्यानं ओवाळणीत पाकीट ठेवलं ते अक्कांनी उघडलं नाही, तसंच कपाटात ठेवलंय.

सध्याची स्थिती अशी. स्टेरॉइड बंद होऊन बरेच दिवस झाले, व्हॅसलीन चालू. चट्टा आता ३ बाय २ सेंटिमीटर, सपाट, रंग काळाच आहे आणि तो जायला वर्ष लागेल असं डॉक्टर म्हणतात, कदाचित पूर्ण जाणारही नाही. खाज आधी दहापैकी आठ-नऊ सांगायच्या, आता दोन-तीन, माहेरचं काही निघालं की पाच. उदासीनतेच्या प्रश्नावलीत गुण ३ वरून ७ झालेत, ज्याला आकडेच बघायचेत तो म्हणेल बाई बिघडली. मी तसं म्हणणार नाही, "मन लागत नाही" ह्या प्रश्नाला आधी त्या हसून "नाही" म्हणायच्या, आता विचार करून "कधीकधी" म्हणतात. यंदाच्या येळवशीला त्या माहेरी गेल्या नाहीत, नवऱ्याच्याच शेतात कोप घातली, पुढच्या वर्षीचं अजून ठरलेलं नाही. थंडी संपेपर्यंत महिन्यातून एकदा येत राहायचं ठरलंय, आणि पुढच्या खेपेला धाकटी जाऊ सोबत येणार आहे, तिच्या मानेवर असाच चट्टा आहे, तो आधी डॉक्टर बघतील.